नमस्कार, इत्यादी

माझी नात जुनी पत्रं वाचते. नात काय करते असं कुणी विचारलं, की मी एवढंच सांगते. इथे अमेरिकेत, शुगर लँडमध्ये माझ्याबरोबर फिरायला येणाऱ्या बायकांच्या नाती डॉक्टर असतात, कॉम्प्युटरमध्ये असतात, एकीची तर रॉकेटचे बोल्ट तपासते. एका वाक्यात काम होतं त्यांचं. माझीचं समजावत बसलं की चहा गार होतो. युरोपात तीन-चारशे वर्षांपूर्वी जे विद्वान होऊन गेले, ते एकमेकांना काय लिहायचे, कुणाची कुणाशी ओळख होती, यावर ती पीएच.डी. करते. "मग पुढे काय?" असं बायका विचारतात. पुढे काय ते मलाही माहीत नाही हो. पण ती पत्रं मी स्वतः वाचलीत, तेव्हा मागचं मात्र पुष्कळ सांगू शकते.

त्या लोकांच्या गोतावळ्याला म्हणे 'पत्रांचं प्रजासत्ताक' म्हणतात. नाव मोठं झोकात आहे, आणि ते खरंही आहे. राजा नाही, फौज नाही, सरहद्द नाही. तिकडे धर्मावरून गावंच्या गावं जळत होती, आणि हा इकडचा पाद्री तिकडच्या धर्मातल्या डॉक्टरला विचारतोय, की तुमच्याकडे ग्रहण किती वाजता लागलं, आमच्याकडे ढग होते. पत्र आलं की उत्तर द्यायचंच. आपल्याला कळलेलं दुसऱ्याला कळवायचं. कुणी तरुण प्रवासाला निघाला की त्याच्या हाती चिठ्ठी द्यायची, हा बरा आहे, याला तुमची बाग दाखवा. आणि टपालाचा भरवसा नाही, म्हणून जो कुणी त्या दिशेला जात असेल त्याच्या गळ्यात पुडकं मारायचं. आपल्या इथल्या ग्रुपवर नाही का येत, 'पुण्याहून कुणी येतंय का, चष्मा आणायचाय'? तसंच. फक्त चष्म्याऐवजी फुलांचे कंद. एकाने मोठ्या प्रेमाने पाठवलेले कंद वाटेत उंदरांनी खाल्ले, त्यावर त्याने दोन पानं लिहिलीत. एकजण नेलेलं पुस्तक परत द्यायला तयार नाही, आणि दुसरा दर पत्रात पहिल्यापेक्षा जास्त गोड बोलून ते मागतोय. मला ती मंडळी फार आवडायला लागली.

माझ्याकडे हे काम कसं आलं ते सांगते. नातीच्या वाट्याला हॉलंडमधल्या एका डॉक्टरची साडेतीनशे पत्रं आली होती. म्हणजे त्याला आलेली आणि त्याने लिहिलेली. डॉक्टर नावालाच, जीव सगळा झाडांत. पत्रं लॅटिनमध्ये. नातीने वर्षभर खपून सगळ्यांचं कामचलाऊ इंग्रजी केलं. आता प्रत्येक पत्र वाचून एका मोठ्या तक्त्यात भरायचं होतं. लिहिणारा कोण, कुणाला, कुठून, कुणाच्या हाती पाठवलं, सोबत काय, मजकूर काय, आणि शेवटचा रकाना 'बाकी सगळं'. मी नववीपर्यंत शिकलेली. इंग्रजी मी माझ्या मुलाच्या शाळेच्या पुस्तकांवर शिकले आणि उरलेलं इथल्या लायब्ररीत, वय वर्षं सासष्टच्या पुढे. ती दमलेली दिसली म्हणून मीच म्हटलं, "मला दे. मला दिवसभर काय काम आहे?"

"आजी, बोअर होशील तू."

"तुझ्या बापाच्या क्रिकेटच्या मॅच बघून झाले नाही, यानं कशी होईन?"

मग नोव्हेंबरपासून रोज सकाळी, घरातली सगळी बाहेर पडली, की मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसायची. दहा पत्रं व्हायची कधी, कधी चारच. अडलेले शब्द वहीत लिहून ठेवायचे, शनिवारी नात आली की विचारायचे. आयुष्यात मला कुणी इतकं महत्त्वाचं काम दिलं नव्हतं. मार्चच्या सुरुवातीला तक्ता पुरा झाला. मी त्या दिवशी शिरा केला.

आणि मार्चच्या तिसऱ्या शनिवारी नात आली, ती चपला न काढता आत आली.

तिच्या गाईड बाई मे महिन्यात निवृत्त होणार होत्या. हे सगळ्यांना माहीत होतं. त्या असेपर्यंत प्रबंधाचं हे प्रकरण त्यांच्याकडून पास व्हायला हवं होतं, कारण त्यांच्या जागी येणाऱ्या गृहस्थांना हा विषयच पटत नव्हता. त्यांच्या मते पत्रांची जाळी काढणं म्हणजे रांगोळी. बाई गेल्या असत्या तर पोरीला विषय बदलावा लागला असता, तीन वर्षं पाण्यात. हे ती मला कधी बोलली नव्हती, पण तिच्या आईला बोलली होती, आणि तिच्या आईने मला सांगितलं होतं. घरांत अशीच जाळी असते.

तर तिने लॅपटॉप उघडून माझ्यासमोर ठेवला. पडद्यावर ठिपके होते आणि ठिपके जोडणाऱ्या रेघा. मधे डॉक्टरचा मोठा ठिपका, त्यातून निघालेल्या काड्या, प्रत्येक काडीच्या टोकाला एक एकटा ठिपका. म्हाताऱ्या झाडूसारखं दिसत होतं.

"हे असं कसं, आजी? एव्हरीबडी नोज ओन्ली हिम. आपसात कुणी कुणाला ओळखतच नाही. इतकी ड्राय माणसं नव्हती ती."

मी म्हटलं, "नव्हतीच. चांगली गप्पिष्ट होती."

मग तिने तक्ता उघडला आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून खाली सरकवत नेला. माझ्याच हातचं. नमस्कार इ. नमस्कार इ. नमस्कार इ. साडेतीनशे ओळी नमस्कार इ.

"आजी... ह्या 'इ.'मध्ये काय होतं?"

"काय असणार? नेहमीचंच. अमक्याला नमस्कार सांगा, तमक्याची तब्येत कशी आहे, तुमच्या मेव्हण्याला आठवण केली म्हणावं. पत्राचा शेवट गं तो!"

ती खुर्चीत बसली आणि कपाळ हातावर टेकलं. मग हळूच म्हणाली, "आजी, दॅट्स द होल थीसिस."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. कोण कुणाला ओळखतो हे पत्रावरच्या पत्त्यातून एवढंसंच कळतं. खरं कळतं ते कोण कुणाकडून कुणाला नमस्कार पाठवतो त्यावरून. अमका तमक्याला नमस्कार पाठवतोय म्हणजे रेघ मारता येते. त्या रेघांसाठी तर तिने सगळा पसारा मांडलेला. आणि मी त्या माणसांना इत्यादीत कोंबून दार लावून घेतलं होतं.

यात माझा आळस नव्हता, तेवढं माझ्या बाजूने सांगते. ही सवय मिरजेची. आमच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये लिहितावाचता येणारी मुलगी म्हणून आजूबाजूच्या बायका माझ्याकडून पत्रं लिहून घ्यायच्या. मजकूर दोन ओळींचा, पाऊस बरा आहे, धाकट्याला खोकला आहे. आणि नमस्कार दोन पानांचे. थोरल्या जावेला, तिच्या आईला, शेजारच्या शिंपिणीला. इनलँडवर जागा ती केवढी! मी आपली 'मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद' लिहून मोकळी व्हायची. एक कुलीबाबाची बायको होती, ती मात्र फसायची नाही. अक्षर येत नव्हतं, पण पत्र हातात घेऊन लांबी बघायची. म्हणायची, "एवढ्यात माझी माणसं बसली व्हय गं? दाटीवाटीनं बसवलीस का खाली उतरवलीस?" मला तेव्हा हसू यायचं.

संध्याकाळी जेवायच्या टेबलावर सगळ्यांना सांगणं भाग होतं. मुलगा म्हणाला, "अगं मग कॉम्प्युटरला सांग ना परत वाचायला. ए.आय. कशासाठी आहे?"

"ट्राय केलं, बाबा. तो दोन माणसांचा एक माणूस करतो. आणि कधीकधी नसलेली माणसं घालतो."

"उत्तम. तो नसलेली घालतो, आई असलेली काढते. दोघांची सरासरी घे."

सुनेने त्याच्याकडे असं बघितलं, की तो ताट उचलून सिंककडे गेला. मी हसले नाही. मला त्या दिवशी भातही गेला नाही. नातीने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "माझीच चूक आहे. मी 'बाकी सगळं' लिहिलं. मी एक्सप्लेन करायला हवं होतं." त्याने तर आणखीच वाईट वाटलं. तिने चिडायला हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ती आमच्याकडेच राहायला आली. प्रकरण पाठवायला चार आठवडे होते. पद्धत अशी ठरली की मी प्रत्येक पत्राचा शेवट मोठ्याने वाचायचा, तिने टाइप करायचं. माझा इंग्रजी उच्चार ऐकून पहिल्या दिवशी तिला चार वेळा पाणी प्यावं लागलं. पण मजा काय सांगू तुम्हाला! मजकूर वाचताना ही माणसं विद्वान होती. शेवट वाचताना घरातली झाली. एकाला मुलीच्या लग्नाची काळजी. एकाचं एका प्रोफेसरशी भांडण झालंय, तर तो सगळ्यांना नमस्कार पाठवतो आणि त्याचं नाव बरोबर वगळतो. एक तर इतका मानी, की समोरच्याने मागच्या पत्रात त्याला नमस्कार सांगितला नाही म्हणून आठ ओळी रुसलाय. मी म्हटलं, "हा आपल्या मंडळाच्या गणपतीला हवा होता."

रेघा वाढत गेल्या. झाडूला फांद्या फुटल्या. पण मधला डॉक्टरचा ठिपका झाकला, तर चित्रात दोन पुंजके होते, आणि ते काही केल्या जुळेनात. एकीकडे झाडंवाले डॉक्टर. दुसरीकडे आकाश बघणारे पाद्री आणि त्यांचे चेले. दोघांचे धर्मपंथ वेगळे, एकमेकांना नमस्कार नाही, पण डॉक्टरने कधी न कळवलेल्या एकमेकांच्या बातम्या मात्र बरोबर माहीत. "हाउ?" असं नात दिवसातून दहा वेळा विचारायची. पडद्याला विचारायची, मला नाही.

बरणी मला दिसली ती दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी. मी वाचत होते. एक पाद्री डॉक्टरला लिहितोय, की पेलिकनच्या घरच्या बाईंना सांगा, त्यांची बरणी अजून माझ्याकडेच आहे, मला लाज वाटते. तेव्हा घरांना नंबर नसायचे, दारावर टांगलेल्या पाटीवरून घर ओळखायचे. हे पेलिकन पक्ष्याच्या पाटीचं घर. मी पुढे वाचायची थांबले.

"निळ्या पट्ट्याची का?"

"काय निळी पट्टी?"

"अगं, बरणी. मी भरलीय ना 'सोबत काय'मध्ये. झिलईची बरणी, निळी पट्टी, आत बिया. शोध बघू."

तो रकाना मी मनापासून भरला होता. वस्तू मी कधी गाळत नाही. सापडली. पहिल्या पुंजक्यातल्या एका डॉक्टरने तीच बरणी बिया घालून आमच्या डॉक्टरच्या गावी पाठवली होती, आणि त्या पत्राच्या शेवटी औषधवाल्याच्या बायकोला नमस्कार आणि चेरीच्या मुरंब्याबद्दल आभार. आणखी एका पत्रात बरणी शिंपले घालून आली होती, आणि तिथे नमस्कार होता 'आपल्या यजमानीणबाईंना'. नातीच्या तक्त्यात या तीन बायका होत्या. अनोळखी स्त्री एक, दोन आणि तीन.

मी म्हटलं, "ही एकच बाई आहे."

"आजी, यू कान्ट जस्ट से दॅट."

"बरणी मुरंबा घेऊन जाते आणि बिया घेऊन येते. रिकामी बरणी परत कोण देतं?"

"हा मिरजेचा रूल आहे! हॉलंडमध्ये सतराव्या शतकात..."

"माणसंच होती ना ती? का आणखी कोण?"

"पुरावा, आजी. मला पुरावा लागतो. गाईड बाई मला पहिला तोच क्वेश्चन विचारणार."

आम्ही खरंच भांडलो. मी म्हटलं, चूक केली तेव्हा ऐकून घेतलं, आता बरोबर सांगतेय तर पुरावा. ती म्हणाली, चूक पण पुराव्यानेच सापडली. मी उठून कोथिंबीर निवडायला लागले.

सून संध्याकाळी कामावरून आली. ती औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, दिवसभर उभी असते, आल्यावर आधी पाय वर घेऊन बसते. आमची दोघींची तोंडं बघून तिने विचारलं काय झालं. ऐकून म्हणाली, "पेलिकन? आमच्या कॉलेजच्या भिंतीवर जुन्या दुकानांच्या पाट्यांची चित्रं होती. त्यात पेलिकन होता. जुन्या काळी औषधवाले लावायचे तो. आणखी कुणी लावत असतील तर मला माहीत नाही. पण तुमचं पेलिकनचं घर आणि औषधवाल्याचं घर एकच आहे का, ते तपास ना."

नात उठून तिच्या गळ्यात पडली. मी पण पडणार होते, पण हाताला कोथिंबीर होती.

दोन दिवस फक्त तेच शोधलं. आणि सापडलं ते एका दुखवट्याच्या पत्रात. औषधवाला वारला होता. लिहिणारा समाचाराच्या चार ओळी लिहितो आणि मग विचारतो, की आमची पत्रं पूर्वीसारखीच पेलिकनवर ठेवत जाऊ ना, बाई घेतील ना? त्याचं उत्तर नाही मिळालं. पण पुढची सगळी पत्रं तिथेच ठेवलेली आहेत. डॉक्टरांची आणि पाद्र्यांची, दोघांची. एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं तिच्या दुकानात आपापली पत्रं घ्यायला येत होती, मुरंबा खात होती, आणि इकडची खबर तिकडे कळत होती. तिने स्वतः लिहिलेली एक ओळ कुठे नाही. लिहिता येत होतं की नाही तेही माहीत नाही. नातीने तीन ठिपके एक केले, आणि दोन्ही पुंजके सरकत सरकत जवळ आले.

ती पडद्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे.

एप्रिलच्या अठरा तारखेला दुपारी चारला प्रकरण पाठवायचं होतं. साडेतीनला आम्ही पुन्हा भांडलो. तिने लिहिलं होतं, 'बहुतेक ही एकच स्त्री असावी'. मला 'बहुतेक' नको होतं. ती म्हणाली, "आजी, बहुतेक म्हणजे आमच्यात खूप असतं." ते मी सोडलं. पण चित्रातल्या ठिपक्याला नाव काय द्यायचं यावर मी अडून बसले. तिने लिहिलं होतं, 'अनोळखी स्त्री'.

"हे काढ."

"नाव माहीत नाही आपल्याला. मी मनाने नाव दिलं तर ते खोटं होईल."

"नाव नको देऊस. पण इतक्या लोकांनी जिला नमस्कार सांगितला ती अनोळखी कशी? तुला अनोळखी असेल. त्यांना नव्हती."

पावणेचार वाजले होते. तिने ते दोन शब्द खोडले आणि लिहिलं, 'पेलिकनच्या घरच्या बाई'. मग पाठवलं.

उत्तर यायला अकरा दिवस लागले. ते दिवस मी कसे काढले ते सांगत नाही. गाईड बाईंचं पत्र आलं तेव्हा नात तिच्या युनिव्हर्सिटीत होती. तिने मला फोन केला, आईला नाही, बापाला नाही, मला. प्रकरण पास झालं होतं. बाईंनी पंधरा दुरुस्त्या सांगितल्या होत्या. त्यातली एक बरणीबद्दल. बरणी रिकामी परत न देण्याची तिथे रीत होती असं म्हणायला आधार नाही, तेवढं वाक्य काढावं. बाकी तो भाग त्यांना सगळ्यात आवडला होता, आणि शेवटच्या रकान्याकडे परत जायचं कसं सुचलं, असं त्यांनी विचारलं होतं.

"मी काय सांगू, आजी?"

"खरं ते सांग. म्हणावं, आजीने घोळ घातला होता."

"ऑलरेडी सांगितलं," ती हसत म्हणाली. "शी सेज, तिने पण थर्टी इयर्स तोच घोळ घातलाय. ती पण शेवट वाचायची नाही. आणि तिने तुला नमस्कार सांगितलाय."

मी म्हटलं, "थांब, वही आणते. नक्की काय म्हणाल्या ते शब्दाला शब्द सांग."